मुलांचा आठवडा

तळं मोठ्या माणसांसाठी बंद झालं त्याला सहा दिवस होऊन गेले होते. मुलांसाठी ते अजून उघडं होतं.

"आई, माझी पट्टी हिरवीच आहे बघ." इलाने मनगट पुढे केलं. तोंडात तूपसाखर-पोळीचा घास तसाच होता. "आणि तुझी लाल."

"माहीत आहे. आधी तोंडातलं संपव."

इला साडेसात वर्षांची, बावीस किलोची, पुढचे दोन दात पडलेली. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. सहा दिवस हेच चाललं होतं. सकाळी ती बॅग दाराशी आणून ठेवायची, आणि ऊन चढलं की आई ती उचलून परत आत न्यायची. "आज वारा फार आहे गं, उद्या जा," असं काहीतरी म्हणायची. आजही मृणालच्या तोंडात तेच वाक्य तयार होतं. पण आज ते चालणार नव्हतं. संध्याकाळपासून पाऊस येणार होता, आणि पुढचे आठ दिवस रात्रीचीसुद्धा थंडी पडणार नव्हती. म्हणजे आजची सकाळ शेवटची.

लेहतोसारी हे फिनलंडच्या उत्तरेकडचं एक लहानसं बेट. हल्लायार्वी नावाच्या लांबरुंद तळ्यात अकरा घरं, एक लाकडी धक्का आणि बाकी सगळी झाडं. गाव, शाळा, दुकान, दवाखाना सगळं पलीकडच्या काठावर, चौदाशे मीटर लांब. उन्हाळ्यात होडी असते. हिवाळ्यात बर्फावरून चालत जावं, नाहीतर गाडी घालावी. अडचण होते ती हिवाळा सरता सरता, एप्रिलच्या मध्यानंतर. तेव्हा तळ्यावर बर्फ असतो, पण तो धड माणसाला पेलत नाही आणि धड होडीला वाट देत नाही. असे चार-पाच आठवडे जातात. तिकडे ह्या दिवसांना केलिरिक्को म्हणतात. किराणा ड्रोन आणून टाकतो, जिवावर बेतलं तर बचावदलाची हवेच्या गादीवरून सरकणारी गाडी येते. एरवी कुणी येत नाही, कुणी जात नाही.

पूर्वी ह्याला एक रीत होती. शेजारच्या केर्तूआजीचे वडील बेटावरचे जाणते. ते पहार घेऊन तळ्यावर फिरत, आणि एक दिवस जाहीर करत की रविवारी शेवटचं चालणं. त्या रविवारी सगळं बेट एका रांगेत, दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून, पलीकडे जायचं. चर्चच्या अंगणात कॉफी व्हायची. मग ज्याला बेटावर राहायचं तो परत यायचा, ज्याला गावात राहायचं तो तिथे राहायचा. कोण कुणाबरोबर राहणार ते त्या दिवशी ठरायचं, आणि रडायचं असेल तर तेही त्याच दिवशी उरकून घ्यायचं.

बारा वर्षांपूर्वी कूलिया आला. कूलिया म्हणजे ऐकणारा. बर्फ धरायला लागला की त्यात केसासारख्या बारीक काचतंतूंचं जाळं गोठवून टाकतात. तंतूंमधून सतत प्रकाश वाहत असतो. बर्फ कुठे जरासा तडकला की तिथला तंतू कणभर ताणला जातो, आतला प्रकाश बिचकतो, आणि आवाज कुठे झाला, कसा झाला, ते यंत्राला कळतं. तळ्याचा बर्फ तर अष्टौप्रहर तडकतच असतो, म्हणजे ऐकायला तोटा नाही.

आता, बर्फातून आवाज जातो तो सगळा एकदम जात नाही. बारीक, उंच सूर पुढे पळतात आणि खर्जातले मागून येतात. वरातीत पोरंटोरं आधी मांडवाशी पोचतात आणि म्हातारी माणसं नंतर, तसं. बर्फ जितका जाड तितकी ही वरात भरभर चालते. कोण किती वेळाने पोचलं त्यावरून कूलिया जाडी काढतो. पण एप्रिलात नुसत्या जाडीला अर्थ नसतो. उन्हाने बर्फ आतून सुटा होतो, उभ्या सुयांची जुडी बांधून ठेवावी तसा. दिसायला फूटभर जाड, आणि पाय ठेवला की जुडी उसवते. असा कुजका बर्फ उंच सूर गिळून टाकतो. वरातीतली पोरंच आली नाहीत की कूलिया समजतो, आतून काही उरलेलं नाही.

एवढं ऐकून तो दर दहा मिनिटांनी प्रत्येक वाटेला एक आकडा देतो: इतके किलो. बर्फाची खरी ताकद तीनने भागून तो आकडा काढलेला असतो. मनगटावरची पट्टी बुटांमधून तुमचं वजन घेते, पाठीवरच्या ओझ्यासकट, ते लक्षात ठेवते, आणि हिरवी नाहीतर लाल होते. बारा वर्षांत तळ्यात एकही माणूस बुडालेला नाही.

फक्त शेवटचा रविवार बुडाला. प्रत्येकाचा दिवस वेगळा झाला. नव्वद किलोच्या नवऱ्याचं तळं मंगळवारी बंद व्हायचं आणि साठ किलोच्या बायकोचं शनिवारी. आणि हातात दिवस शिल्लक आहेत म्हटल्यावर माणूस आजचं उद्यावर ढकलतोच. घरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहू लागली. ह्या वर्षी बेटावरचा रायमो तीन दिवस उपाशी राहून दोन किलो उतरला आणि पलीकडच्या दारूच्या दुकानात जाऊन पोचला. येताना पिशवीच्या ओझ्याने पट्टी लाल. म्हणून त्याने काठावर बसून अर्धी पिशवी रिकामी केली. पोटात गेलं काय आणि पिशवीत राहिलं काय, वजन तेच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो अजून तिकडेच होता.

सगळ्यात शेवटी उरायची ती मुलं. मोठ्यांचं तळं बंद झाल्यावर आठ-दहा दिवस, सकाळच्या कडक बर्फावर, फक्त मुलं जा-ये करायची. चिठ्ठ्या, यीस्ट, विणकामाची लोकर, आजीचा चष्मा, असलं हलकं हलकं इकडून तिकडे न्यायची. दोन्ही काठांवर मोठी माणसं हात खिशात घालून उभी असायची. त्याला लोक मुलांचा आठवडा म्हणू लागले. मुलांना तो नाताळापेक्षा प्यारा होता.

मृणाल ह्या बेटावरच्या कूलियाची राखणदार. मूळची मिरजेची. ध्वनिशास्त्र शिकायला आली, इथे नोकरी लागली, होड्या बांधणाऱ्या तापिओशी लग्न झालं. दोन वर्षांपूर्वी ते वेगळे झाले. भांडण असं झालंच नाही. दोघं बोलायचे थांबत गेले, आणि एक दिवस लक्षात आलं की घरात आवाज येतो तो इलाचाच. तापिओ गावात राहायला गेला. इला एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. केलिरिक्कोचे पाच आठवडे आलटून पालटून. मागच्या वर्षी आईकडे, ह्या वर्षी बाबाकडे. तसं कागदावर लिहिलं होतं आणि दोघांच्या सह्या होत्या.

मृणालची स्वतःची पट्टी हिरवी होती तेव्हाच ती इलाला हात धरून पोचवून येऊ शकली असती. तिने ते केलं नाही. इलाची पट्टी अजून बारा दिवस हिरवी राहणार, हे यंत्रावर बसलेल्या बाईला इतर कुणापेक्षा आधी दिसत होतं. तिने ते बारा दिवस एकेक करून खाल्ले. आज तिच्या केसांना तेल लावते, उद्या पाठव. आज तिला जरा शिंका येताहेत, परवा पाठव. मध्ये स्वतःचं तळं बंद झालं तेव्हा ती चपापली. आता पाठवायचं तर एकटीला पाठवायचं. शेजारची मुलं सहाव्या वर्षापासून जात होती. पण मृणालने इलाला अजून एकदाही एकटं सोडलं नव्हतं.

इलाला पोळी खात बसवून ती मागच्या खोलीत गेली. पडद्यावर बेट ते गाव वाटेचा आकडा होता चव्वेचाळीस. इला बॅगेसकट साडेपंचवीस. पावणेअकरापर्यंत वाट तिला आरामात पेलणार होती.

राखणदाराच्या हातात एक गोष्ट असते. वादळ, पाऊस, तंतू तुटणं, असलं काही दिसलं तर तिने तीनचा गुणक वाढवायचा. म्हणजे ताकदीला तीनऐवजी मोठ्या आकड्याने भागायचं. वाढवायला कुणाला विचारावं लागत नाही. सावधपणाबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही.

तिने गुणक पाच केला. आकडा सव्वीसवर आला. साडेपंचवीस किलो अजून हिरवेच.

तिने सहा केला. कारण म्हणून 'हवामान' निवडलं. आकडा बावीसवर आला.

"आई," बाहेरून इला म्हणाली. "लाल झाली."

"हो का? बघू." मृणालला आपलाच आवाज परका वाटला. "अगं, पाऊस येणार ना. म्हणून झाली असेल."

ती ओरडेल, पाय आपटेल, असं मृणालला वाटलं होतं. इला खाली बसली आणि बॅग उघडून एकेक वस्तू बाहेर काढू लागली. दात घासायचा ब्रश. लोकरी मोजे. बाबाला दाखवायला काड्यापेटीत ठेवलेले दोन दात. बाबाच्या कुत्र्याचं चित्र. सगळं जमिनीवर ओळीने मांडलं आणि मग एकेक उचलून जागच्या जागी ठेवून आली. ब्रश मोरीतल्या कपात टाकल्याचा टक् असा आवाज मृणालला आत ऐकू आला.

फोन वाजला. तापिओ होता, पलीकडच्या धक्क्यावरून बोलत होता.

"सव्वाआठला हिरवं होतं," तो म्हणाला. "आता अख्खी वाट लाल दिसते. काय झालं?"

"हवामान."

"इथे तर आभाळ धुतल्यासारखं आहे."

"संध्याकाळी पाऊस आहे, तापिओ."

त्याने संशय घेतला असता तर तिला बरं वाटलं असतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "यंत्रावर तू बसतेस, मी नाही. तू बंद म्हटलंस की बंद. तिला दे जरा."

इला बापाशी फिन्निशमध्ये बोलली, भिंतीकडे तोंड करून. "नाही, मी रडत नाहीये… मे महिन्यात होडी सुरू झाली की येते… कुत्र्याला सांग. नाही, तूच सांग, त्याला फोनवर कळत नाही."

साडेनऊला केर्तूआजी आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, हातात बापाची पहार. पहार तिने दाराबाहेर भिंतीला टेकवली आणि बूट न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

"माझी नात तिकडे धक्क्यावर उभी आहे यीस्ट घेऊन," ती म्हणाली. "पट्टी लाल. तुझं मशीन आजारी आहे का?"

"पाऊस येतोय, केर्तू. सावधगिरी म्हणून."

"पाऊस संध्याकाळी येतोय. आत्ता सकाळ आहे." केर्तूने नाक पुसलं. "मी काठाकाठाने चार ठिकाणी पहार मारली. आरपार जायला नऊ घाव लागले. काल दहा लागले होते. माझा बाप चार घावांना तळं बंद करायचा, आणि तो फार भित्रा समजला जायचा."

"मशीनला आतलं कळतं. पहारेला नाही कळत."

"असेल." केर्तूने जमिनीकडे पाहिलं. तिथे रिकामी बॅग पडली होती. मग खिडकीशी पाठमोऱ्या बसलेल्या इलाकडे पाहिलं. "पण मशीन कशाला तरी घाबरलेलं दिसतंय."

"मशीन घाबरत नाही," मृणाल म्हणाली.

"नाही," केर्तू म्हणाली. "मशीन घाबरत नाही."

केर्तूने पहार उचलली. "मी धक्क्यावर आहे. पायात लोकरीचे तीन जोड घातलेत, तास-दीड तास उभी राहू शकते." आणि ती गेली.

मृणाल खोलीत जाऊन बसली. पाच आठवडे तिला पाठ होते. इला नसलेल्या एका आठवड्याला पाचने गुणायचं, एवढाच हिशोब. संध्याकाळी सातनंतर आपण भांडी मुद्दाम जोरात वाजवतो, हे तिचं तिलाच मागे कधीतरी कळलं होतं. आणि इलाला ठेवून घेतलं तर? कुणालाही कधीच कळणार नव्हतं. उद्या पावसात तळं खरंच बंद होणार होतं, आणि तिचं खोटं त्या खऱ्याखाली गडप होणार होतं. तापिओने विश्वास ठेवला होता. इलाने तर ठेवलाच होता. खिडकीशी बसून ती त्या लाल पट्टीवर बोटाने उगाच घासत होती, पुसली जाते का बघत.

मृणालने गुणक परत तीन केला.

यंत्राने आधीच्या बदलाचं कारण पुन्हा विचारलं. वाढवलेला गुणक दोन तासांच्या आत मागे घेतला की ते विचारतंच. नोंद थेट मुख्य कचेरीत जाते. 'हवामान' वर बोट गेलं आणि थांबलं. तिने 'इतर' निवडून लिहिलं: हवामानाचं कारण खोटं होतं. माझी मुलगी जाऊ नये म्हणून मी वाट बंद केली.

आकडा आता एकोणतीस होता. ऊन काम करत होतं.

"इला. बॅग भर. लवकर."

"लाल आहे ना?"

"आता हिरवी झाली, बघ. मघाशी ती मीच लाल केली होती."

इला वळून तिच्याकडे बघत राहिली. "का?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

इलाने थोडा विचार केला. मोठ्या माणसांच्या चुकांकडे मुलं कधीकधी वैद्यासारखी बघतात, तशी बघत राहिली. "मग बाबाला सांगितलंस?"

"तू पोचलीस की सांगते."

"तू रडणार आहेस का?"

"थोडी."

"मग मी गेल्यावर रड," इला म्हणाली. "मला चालताना मागे बघायचं नसतं. नियम आहे."

पाच मिनिटांत दोघी धक्क्यावर होत्या. मृणालने काड्यापेटी इलाच्या आतल्या खिशात ठेवली, टोपी कानांवर ओढली, पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायचे दोन टोकदार दांडे तिच्या गळ्यात नीट अडकवले. दोनदा तपासले. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा केर्तू म्हणाली, "पोरगी इथेच म्हातारी होईल."

"फांद्यांच्या रांगेने जायचं," मृणाल म्हणाली. वाटेच्या कडेने बर्फात झाडांच्या फांद्या रोवलेल्या होत्या, थेट पलीकडपर्यंत. "थांबायचं नाही. पळायचं नाही."

"मला माहीत आहे, आई. वर्गात सगळ्यांना माहीत आहे."

आणि ती उतरली. धक्क्याची शेवटची फळी आणि बर्फ ह्यांच्यात वीतभर अंतर होतं, तेवढी तिने उडी मारली. मृणालचा हात आपोआप पुढे गेला आणि तिच्या मनगटावरची लाल पट्टी थरथरून वाजली. इथून पुढे तिला पाऊल टाकायची मुभा नव्हती.

उन्हात बर्फ करडा दिसत होता. शंभर पावलांवर इला लाल टोपीचा एक ठिपका झाली. पुढे उजेडाच्या चकाकीत ठिपकाही दिसेना.

"दिसत नाही," मृणाल म्हणाली.

"मला तर दहा वर्षांत काहीच दिसत नाही," केर्तू म्हणाली. "जा, तुझ्या त्या खोलीत जा. मी इथे आहे."

ती धावत घरी आली. वाटेचा आकडा अठ्ठावीस. तिने कानांवर हेडफोन चढवले आणि वाटेखालचा तंतू निवडला.

आधी फक्त तळं ऐकू आलं, लांबवरची किणकिण, मधूनच कुठेतरी ताणलेल्या तारेसारखा सुटणारा सूर. मग त्याच्या खालून ती आली. टप्. टप्. टप्. साडेचारशे मीटर. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जरा हलकं. इला उजवा पाय किंचित आत टाकते, हे मृणालला तिच्या बुटांच्या टाचांवरून माहीत होतं. ते ऐकू येतं हे आज कळलं.

सहाशे. सातशे. आकडा सत्तावीस.

सातशे चाळीसवर पावलं थांबली.

मृणालने श्वास घेतला नाही. बर्फाचा आवाज बदलला का ते ऐकलं. उंच सूर होते, सगळे होते. तडा नाही, पाणी नाही. नुसतं एक मूल तळ्याच्या मधोमध उभं होतं, आणि का उभं आहे ते जगातलं कुठलंच यंत्र सांगू शकत नव्हतं. अकरा सेकंद गेले.

टप्. टप्.

पुढेच जात होती.

हजार. बाराशे. पावलं भरभर पडू लागली. पळू नको म्हटलं होतं, पळत होती. कुणीतरी समोर दिसलं असणार. तेराशे नव्वद, आणि एक मोठं, दोन्ही पायांचं पाऊल, उडी मारण्याआधीचं. त्यानंतर पुढचं पाऊल आलं नाही. तंतू बर्फात होता आणि धक्का काठावर. तापिओने तिला उचललं असेल, की ती त्याच्या अंगावर आदळली असेल, ते इथे ऐकू येणार नव्हतं.

थोड्या वेळाने एक हलकं पाऊल उलट दिशेने निघालं. केर्तूची नात, यीस्ट घेऊन. मृणालने तिलाही शेवटपर्यंत ऐकलं, ती बेटाच्या धक्क्यावर चढून आजीजवळ पोचेपर्यंत. ही पोर आता इथेच राहणार होती. आकडा चोवीसवर आला, मग एकवीसवर. अकरा वाजता यंत्राने वाट सगळ्या वजनांसाठी बंद करण्याची परवानगी मागितली. तिने दिली.

दर हंगामाच्या अखेरीला राखणदाराला एक पान भरावं लागतं. बेटावरून शेवटचं कोण गेलं, किती वाजता पोचलं, किती वजनाचं. तिने भरलं: दहा वाजून एकतीस मिनिटं. साडेपंचवीस किलो. बेटाकडून गावाकडे. शेवटचा रकाना होता 'परत'. तिने तिथे एक आडवी रेघ ओढली आणि फोन उचलला. तापिओला अजून सगळं सांगायचं होतं.